हक्क कुणी दिले? आणि दिले असतील तर काढून घेता येतात का?

ओंजळ

नववीला राज्यशास्त्र शिकवते. हक्कांचा धडा संपत आला होता, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, हक्क सरकार देतं ना? मग सरकारला ते काढून घेता येतील का?" मी ठरलेलं उत्तर दिलं. हे हक्क माणसाला जन्मतःच असतात, सरकार फक्त ते मान्य करतं. ती खाली बसली नाही. "मग सरकार नव्हतं तेव्हा हे हक्क कुठे होते?"

तेव्हापासून वाचते आहे. इथे कायद्यातली, इतिहासातली माणसं आहेत म्हणून हा धागा काढते आहे.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते एका खोडलेल्या शब्दाने. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांच्या तिसऱ्या समितीत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर कलमवार चर्चा चालू होती. पहिल्या कलमात तेव्हा असं होतं की माणसाला बुद्धी आणि विवेक 'निसर्गतः' लाभले आहेत. ब्राझीलच्या प्रतिनिधींना तिथे माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडल्याचा उल्लेख हवा होता. चीनचे प्रतिनिधी चांग पेंग-चुन म्हणाले, मानवजातीचा केवढा तरी हिस्सा माझ्या देशात राहतो, आमचे आदर्श आणि परंपरा ख्रिस्ती पश्चिमेहून वेगळ्या आहेत, तरी आम्ही त्या मसुद्यात घाला असा आग्रह धरलेला नाही. इतरांनीही तेवढा संयम दाखवावा. शेवटी ब्राझीलची सूचना मागे घेतली गेली आणि 'निसर्गतः' हा शब्दही गाळला गेला. म्हणजे देवही नाही आणि निसर्गही नाही. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा व हक्क यांत समान आहेत, एवढं कलमात राहिलं. का समान, हे जाहीरनामा सांगत नाही, आणि ते विचारपूर्वक सांगत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोने जगभरातल्या विचारवंतांची मतं मागवली होती. त्या कामातला एक किस्सा फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांनी नोंदवून ठेवला आहे. एकमेकांच्या कट्टर विरोधातली माणसं हक्कांच्या एकाच यादीवर सहमत कशी झाली, असं कुणीतरी आश्चर्याने विचारलं. उत्तर आलं, "हो, सहमत आहोत, पण कुणी 'का' विचारायचं नाही या अटीवर."

माझी विद्यार्थिनी नेमकं तेच विचारते आहे.

माझा कल असा होतो आहे: जाहीरनाम्यातली तीस कलमं वाचताना प्रत्येकामागे कुणाचं तरी दुखणं दिसतं. गुलामगिरी नको, छळ नको, मनमानी अटक नको, राष्ट्रीयत्व हिरावून घेणं नको. ही यादी कुणी शांतपणे विचार करून शून्यातून काढलेली नाही, माणसांच्या तक्रारींतून ती वर आली आहे. पण इथेच मी अडते. हक्क तक्रारीतून जन्मतो असं म्हटलं, तर तक्रार ऐकली जाण्यापूर्वी तो नव्हता असं होतं. साखळीतल्या माणसाला साखळीत असताना हक्क नव्हता? हे मला मान्य करता येत नाही, आणि खोडताही येत नाही.

काजवा

बाई, इतकं अवघड आहे का हे? दुसऱ्याचं दुःख आपलं मानावं हे प्रत्येक धर्माने सांगितलंय. आणि जाहीरनामाच हवा असेल तर इराणच्या सायरस राजाचा, लेख कोरलेला मातीचा दंडगोल आहे, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात ठेवलेली आहे, 'मानवी हक्कांची पहिली सनद' म्हणतात तिला. उगम फार जुना आहे, १९४८ हा फक्त नवा पाट आहे.

उगवती

काजवा, तुमचा पाट छान आहे, पण दंडगोलाबद्दल थोडं. ही वस्तू १८७९ मध्ये बॅबिलॉनच्या उत्खननात सापडली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्रतिकृती इराणने संयुक्त राष्ट्रांना १९७१ मध्ये भेट दिली आणि 'पहिली सनद' हे नाव मुख्यतः त्या काळातल्या प्रचारातून पसरलं. मजकूर पाहिला तर इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलॉन जिंकल्यावर राजा सांगतो की मार्दूक देवाने मला निवडलं, मी देवांच्या मूर्ती त्यांच्या ठिकाणी परत पाठवल्या, लोकांना आपापल्या गावी जाऊ दिलं. गुलामगिरी बंद केल्याचं त्यात कुठेही नाही, जरी समाजमाध्यमांवर तसे 'अनुवाद' फिरत असले तरी.

चांगला राजा होता, हे मान्य. पण चांगला राजा आणि हक्क यांत फरक आहे. राजा दया करतो तेव्हा प्रजेने आभार मानायचे असतात. हक्क असेल तर आभार मानावे लागत नाहीत आणि नाकारला तर जाब विचारता येतो. धर्मांनी कर्तव्य सांगितलं, करुणा शिकवली, ते फार मोठं काम आहे. पण ज्याला मिळालं नाही त्याने ताठ उभं राहून मागावं, ही कल्पना वेगळी आहे आणि बरीच अलीकडची.

या दोन्हींच्या सीमेवरचा एक माणूस मला नेहमी आठवतो. १५५०-५१ मध्ये स्पेनच्या वायादोलिद शहरात राजाच्या आज्ञेवरून वाद झाला की अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना युद्धाने जिंकणं न्याय्य आहे का. सेपुल्वेदा नावाचा विद्वान म्हणाला, ते स्वभावतःच गुलाम आहेत. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने त्यांची बाजू लढवली. जगातले सगळे लोक माणसंच आहेत, हे त्याचं म्हणणं. पण ह्याच लास कासासने तरुणपणी, मूळ रहिवाशांवरचा भार हलका व्हावा म्हणून, आफ्रिकेतून गुलाम आणायला सुचवलं होतं. पुढे त्याला त्याचा तीव्र पश्चात्ताप झाला आणि त्याने तो लिहून ठेवला. 'माणूस' या शब्दात कोण कोण येतं, हे कळायला त्याच्यासारख्यालाही आयुष्य लागलं.

तराजू

व्यवसायाने वकील आहे, त्यामुळे माझं उत्तर रुक्ष वाटेल, पण मनापासून देतोय.

ओंजळ, तुमच्या विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा आहे. हक्क कुठून आले याच्यावर तीनशे वर्षं वाद घालता येतो. हक्क मोडला तर दार कुणाचं ठोठवायचं, हे माणसाला आज कळावं लागतं. फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यावर इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम तुटून पडला होता. नैसर्गिक हक्क म्हणजे निव्वळ बडबड, आणि कधीच काढून न घेता येणारे नैसर्गिक हक्क म्हणजे उंच बांबूंवर चढवलेली बडबड, असं त्याचं म्हणणं. भूक आहे म्हणजे भाकरी आहे असं होत नाही, तसं हक्क असावेत असं वाटणं म्हणजे हक्क असणं नव्हे. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. तरी त्याचा हा शेवटचा मुद्दा मला रोज कोर्टात दिसतो.

म्हणून थोडी कायद्याची जमीन. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा बाजूने ४८, विरोधात एकही नाही, तटस्थ ८. पण तो करार नाही, ठराव आहे. त्याला कराराचं रूप यायला १९६६ उजाडलं, आणि तेही एक नव्हे, दोन करार झाले. एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. दोन्ही अमलात आले १९७६ मध्ये. शीतयुद्धाने हक्कांची अशी वाटणी केली आणि ती आजही आपल्या डोक्यात पक्की बसली आहे: एका बाजूचे 'खरे' हक्क, दुसऱ्या बाजूच्या 'इच्छा'. खासगी मालमत्तेचा हक्क जाहीरनाम्याच्या सतराव्या कलमात आहे, पण या दोन्ही करारांत नाही, कारण त्यावर एकमत झालंच नाही.

आता 'काढून घेता येतात का'. काही येतात, तात्पुरते. राष्ट्राच्या अस्तित्वालाच धोका असेल आणि आणीबाणी अधिकृतपणे जाहीर केली असेल, तर नागरी हक्कांच्या कराराचं चौथं कलम काही हक्क गरजेपुरते स्थगित करू देतं. पण त्याच कलमात एक यादी आहे ज्याला हात लावता येत नाही: जगण्याचा हक्क, छळापासून मुक्ती, गुलामगिरीला मनाई, केवळ करार पाळता आला नाही म्हणून तुरुंग नाही, कृत्य घडलं तेव्हा गुन्हा नव्हता त्यासाठी शिक्षा नाही, कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळख, आणि विचार, विवेक व धर्म यांचं स्वातंत्र्य. कसाही प्रसंग असला तरी. तिला हे सांगा.

आणि वर्गात एक सवय लावा. कुणी 'अमुक माझा हक्क आहे' म्हटलं की लगेच विचारायचं, कुणाविरुद्ध? कर्तव्य कुणावर येतं? तो रकाना रिकामा असेल तर हक्क अजून कच्चा आहे.

ओंजळ

तराजू, आभार. हात न लावता येणारी ती यादी उद्याच फळ्यावर लिहिते. पण दाराच्या मुद्द्यावर माझं अडतं.

नाझी जर्मनीचे १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे हे कायदेच होते. संसदेने मंजूर केलेले, राजपत्रात छापलेले. ज्यूंचं नागरिकत्व कायद्याने गेलं, न्यायालयं त्यांचं काम करत राहिली. हक्क म्हणजे फक्त कायद्यात लिहिलेलं, असं धरलं तर त्या माणसांचं हिरावलं काय? काहीच नाही, कारण लिहिलेलंच पुसलं होतं. जर्मन-ज्यू विचारवंत हॅना आरेंटने, जी स्वतः अनेक वर्षं कुठल्याच देशाची नव्हती, हे नेमकं पकडलं: ज्या क्षणी माणूस माणसाशिवाय दुसरं काहीच उरला नाही, त्या क्षणी त्याला कुणी ओळखेना. म्हणून ती 'हक्क असण्याचा हक्क' म्हणते. म्हणजे कुठल्यातरी समाजाचा घटक असण्याचा. जाहीरनाम्याच्या पंधराव्या कलमात राष्ट्रीयत्वाचा हक्क आला तो याच अनुभवातून.

आणि दुसरी बाजू. फ्रान्समध्ये १७८९ ला 'माणसाचे' हक्क जाहीर झाले, त्यात बाई नव्हती. ऑलिंप द गूज या फ्रेंच लेखिकेने १७९१ मध्ये तोच मसुदा घेऊन स्त्रियांसाठी लिहिला. त्यातलं दहावं कलम सांगतं, स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. दोन्हींपैकी पहिला हक्क मिळाला. त्याच १७९१ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या सगळ्यात श्रीमंत वसाहतीत, आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला. १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणायचा कायदा केला, आणि हैतीच्या लोकांनी त्याच्या सैन्याला हरवून १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. फ्रान्सच्या कागदाचा अर्थ फ्रान्सपेक्षा त्यांना जास्त समजला होता. पुढे १८२५ मध्ये त्यांचं स्वातंत्र्य मान्य करण्याची किंमत म्हणून फ्रान्सने त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले, मालकांची 'नुकसानभरपाई' म्हणून. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

पाणकळा

तराजू आणि ओंजळ, तुमच्या दोघांच्या मधे बसणारं एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे हक्क कागदावर आला. तळ्यावर मात्र कुणी फिरकू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. त्याच डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद झाली, तिथल्या भाषणात बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली आणि जन्मतः सगळी माणसं समान असल्याचा ठराव झाला. मग दिवाणी दावा चालला तो १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत.

ठराव आधी, पाणी नंतर, निकाल सगळ्यात शेवटी. यात हक्क नेमका कधी 'आला' म्हणायचा? मला वाटतं त्या लोकांना तो चालत जाण्यापूर्वीच होता. नाहीतर ते चालत गेले नसते, विनंतीअर्ज घेऊन गेले असते. बाबासाहेबांनीही म्हटलं होतं की आम्ही काही चवदार तळ्याच्या पाण्याने अमर होणार नाही, इतरांसारखीच आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो आहोत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याच्या पाण्याचा हक्क मानवी हक्क म्हणून मान्य केला तो २०१० साली.

तराजू

पाणकळा, हे उदाहरण मी यापुढे वापरणार. माझी भूमिका थोडी सुधारतो: कायद्यातला हक्क आणि त्याच्या आधीचा दावा हे दोन वेगळे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. दाव्याशिवाय कायदा हलत नाही.

खडक

सगळं वाचलं. उदाहरणं हलवून सोडणारी आहेत. तरी एक प्रश्न टाळून चालणार नाही. १९४८ ला संयुक्त राष्ट्रांत ५८ देश होते. आफ्रिकेचा बहुतेक भाग आणि आशियाचा मोठा भाग कुणाच्या तरी ताब्यात होता. हक्कांच्या जाहीरनाम्याला हात वर करणारे ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स त्याच वेळी वसाहती चालवत होते. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने १९४७ मध्ये लेखी इशारा दिला होता की एका संस्कृतीची मूल्यं सगळ्या जगाची म्हणून लादू नका. नंतरच्या काळात 'मानवी हक्कांसाठी' म्हणून झालेली युद्धं आपण पाहिली. ज्यांना विचारलं नाही त्यांना हे हक्क लागू कसे? उगमाचा प्रश्न माझ्यासाठी हा आहे. मी हक्कांच्या विरोधात नाही, मला हे खरंच सुटत नाही.

शब्दवेल

खडक यांच्या प्रश्नाला इतिहासवाले उत्तर देतील. मी भाषेची विद्यार्थी, माझ्या बाजूने थोडं.

आपण 'मानवी हक्क' म्हणतो आणि 'मानवाधिकार'ही म्हणतो. दोन्ही सारखे नाहीत. 'अधिकार' मध्ये पात्रता आहे आणि सत्ताही आहे. 'या विषयात त्यांचा अधिकार मोठा', 'तुला बोलायचा अधिकार काय', 'अधिकार गाजवतो'. अधिकार मिळवावा लागतो, कुणीतरी द्यावा लागतो, खुर्चीबरोबर येतो आणि जातो. म्हणून मला 'मानवाधिकार' हा शब्द थोडा डळमळीत वाटतो. त्या मुलीचा प्रश्न 'कुणी दिला' असा येतो, त्यात या शब्दाचाही वाटा असावा.

'हक्क' अरबीतून आला. तिथे 'हक' म्हणजे सत्य आणि हक्क, दोन्ही. जे खरं आहे तेच देणं लागतं. मराठीत मात्र जुन्या कागदपत्रांत हा शब्द वतनाबरोबर येतो: वतनदाराचे हक्क, लाजिमे (वतनाबरोबर मिळणारी देणी), मानपान. अमक्या घराण्याचा, अमक्या गावापुरता. म्हणजे जन्माने मिळणारा, पण थोड्यांनाच. 'मानवी हक्क' म्हणताना आपण काय केलं, तर जन्माने मिळणं ठेवलं आणि थोड्यांनाच हे काढून टाकलं. माणूस म्हणून जन्मलेला प्रत्येक जण वतनदार. मला हा बदल फार मोठा वाटतो आणि तो आपल्या शब्दाच्या पोटातच झाला आहे.

आणखी एक. आपल्याकडे हक्कसोडपत्र असतं. जमिनीचा, घराचा हिस्सा सही करून सोडता येतो. मानवी हक्काचं हक्कसोडपत्र होत नाही. कुणी स्वखुशीने 'मला गुलाम करा' अशी सही केली तरी ती सही निरर्थक. तराजू, यात काही चुकत असेल तर सांगा.

तराजू

चुकत नाही. यापेक्षा सोपं मी कधी सांगू शकलो नव्हतो.

उगवती

खडक, तुमच्या प्रश्नातला इतिहास बरोबर आहे. वसाहतींमधल्या माणसांना विचारलं नव्हतं. तरी त्या खोलीत फक्त पश्चिम बसली होती हे चित्र खरं नाही.

मसुदा करणाऱ्या आयोगात १८ सदस्य होते, त्यात स्त्रिया दोनच, अध्यक्ष, अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट आणि भारताच्या हंसा मेहता. इंग्रजी मसुद्यात सगळे 'पुरुष' समान, अशी जुनी शब्दरचना होती. रूझवेल्ट बाईंना त्यात अडचण वाटत नव्हती, त्या शब्दात स्त्रिया येतातच असं त्यांचं म्हणणं. हंसाबाई अडून बसल्या, आणि आज तिथे 'सगळी माणसं' आहे. चांग यांचं वर आलंच आहे. लेबनॉनचे चार्ल्स मलिक तिसऱ्या समितीचे अध्यक्ष होते. अन्न, घर, आरोग्य, काम यांचे हक्क आत यावेत म्हणून चिलीचे हेर्नान सांता क्रूझ झगडले. विवाहात स्त्रीला समान हक्क हवेत आणि बालविवाह, जबरदस्तीचे विवाह थांबायला हवेत, यासाठी पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला बोलल्या. धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्याला सौदी अरेबियाचा आक्षेप होता, तर पाकिस्तानच्या जफरुल्ला खान यांनी त्याला पाठिंबा दिला. म्हणजे 'पूर्व' असं एकच मतही नव्हतं.

तटस्थ आठ कोण होते तेही पाहा: सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले पाच, सौदी अरेबिया, आणि वर्णभेदाचं दक्षिण आफ्रिका. शेवटच्याला जाहीरनामा का नको होता हे सांगायला नको.

आणि समितीच्या वतीने तो मसुदा आमसभेपुढे मांडला कुणी? हैतीचे एमिल सँ-लो यांनी. वर ओंजळ यांनी लिहिलेला हैती.

राहिला लादण्याचा प्रश्न. 'हे हक्क पाश्चात्त्य आहेत, आमच्या लोकांना नकोत' असं कोण म्हणतं याकडे मी लक्ष देते. तुरुंगातला माणूस ते म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नाही. 'माणसाचे हक्क' हे पुस्तक लिहिणाऱ्या थॉमस पेनचे विचार जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले, तेव्हा ते कुठल्या देशाचे आहेत म्हणून ठेवून दिले नाहीत. आपल्या कामाचे आहेत हे ओळखलं. वसाहतवाल्यांचा दुटप्पीपणा दाखवून द्यायला वसाहतींतल्या लोकांनी हीच भाषा वापरली, आणि १९६६ च्या दोन्ही करारांचं पहिलंच कलम स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, जो १९४८ च्या जाहीरनाम्यात नव्हता. मधल्या अठरा वर्षांत नवे देश त्या खोलीत आले होते.

युद्धांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. हक्कांच्या नावाने बाँब टाकणाऱ्याने त्या हक्कांचा आधार घेऊ नये.

खडक

स्वयंनिर्णयाचं कलम मध्ये घातलं गेलं हे माहीत नव्हतं. माझा प्रश्न पूर्ण सुटला नाही, पण त्याचं तोंड बदललं. विचार करतो.

सावली

मी सहसा वाचनमात्र असते. व्याप्तीबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. तो हळू बोलतो, पण त्याला सगळं कळतं, माझ्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही कुठेही गेलो, दवाखाना असो की कार्यालय, समोरचा माणूस प्रश्न मला विचारतो. "यांना काय होतंय?" "हे सही करू शकतात का?" तो माझ्या शेजारी बसलेला असतो. त्याच्यावर कुणी अत्याचार केला नाही, त्याला कुणी डांबलं नाही. तरी दरवेळी थोडं थोडं काढून घेतलं जातं आणि त्याला नाव काय द्यावं हे मला कित्येक वर्षं कळत नव्हतं.

मग २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार वाचला. त्याचं बारावं कलम म्हणतं की अपंग व्यक्तीला जीवनाच्या सगळ्या क्षेत्रांत इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, आणि ती वापरायला मदत लागली तर ती मदत देणं राज्याचं काम आहे. त्याच्या जागी दुसऱ्याने ठरवायचं नाही, ठरवायला त्याला मदत करायची. हा करार घडत असताना अपंगांच्या संघटना स्वतः चर्चेत बसल्या होत्या. 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नाही' ही त्यांची घोषणा.

ओंजळताई, तुम्ही म्हणालात तक्रारीतून हक्क येतो. माझा अनुभव असा की तक्रारीला शब्द मिळतो तेव्हा हक्क दिसायला लागतो. तो आधी नसतो असं नाही. माझ्या भावाची प्रतिष्ठा २००६ ला सुरू झाली नाही. आम्हाला ती दाखवता आली २००६ नंतर.

ओंजळ

सावली, मी अडले होते ती गाठ तुम्ही सोडवलीत. 'तक्रारीला शब्द मिळतो तेव्हा हक्क दिसायला लागतो.' हे वाक्य मी तुमच्या परवानगीने वर्गात वापरू?

सावली

नक्की. भावालाही विचारलं. तो हो म्हणाला.

काजवा

दंडगोलाबाबत चुकलो, मान्य. पण एक गोष्ट सोडवत नाही. सगळेच हक्क मागत सुटले तर कर्तव्याचं काय? युनेस्कोच्या त्याच चौकशीला गांधीजींनी १९४७ मध्ये चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं. माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून मी शिकलो की नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच हक्क येतात, असा त्याचा आशय. जगण्याचा हक्कसुद्धा जगाचं नागरिक म्हणून कर्तव्य केलं तरच मिळतो, इथपर्यंत ते जातात. हे चूक म्हणायचं?

तराजू

गांधीजींचं उत्तर मी आदराने वाचतो. स्वतःला लावायला ते फार मोठं तत्त्व आहे. दुसऱ्याला लावायला लागलं की धोका सुरू होतो. कालच जन्मलेल्या बाळाने कोणतं कर्तव्य केलं? गुन्हेगाराने तर कर्तव्य मोडलेलंच असतं, मग त्याचा छळ चालेल? कर्तव्य केलं की नाही हे ठरवणारा बहुतेक वेळा सत्तेतला असतो. जाहीरनाम्याच्या एकोणतिसाव्या कलमात समाजाप्रति कर्तव्यं आहेत आणि इतरांच्या हक्कांसाठी घातलेल्या मर्यादाही आहेत. पण ती हक्कांची पूर्वअट नाहीत.

कर्तव्याची खरी जागा पलीकडे आहे. माझा हक्क म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी कर्तव्य. तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी ते तीन भागांत मांडलं: हिरावून घेऊ नका, हिरावणाऱ्यापासून वाचवा, ज्याचं गेलं त्याला मदत करा. असं पाहिलं की 'फुकटचे' नागरी हक्क आणि 'खर्चिक' सामाजिक हक्क हा भेद राहत नाही. १९७९ चा एअरी विरुद्ध आयर्लंड हा खटला पाहा. एका बाईंना नवऱ्यापासून न्यायालयीन विभक्ती हवी होती आणि वकील परवडत नव्हता. सरकार म्हणालं, न्यायालयाचं दार उघडं आहे, त्यांनी स्वतः उभं राहावं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की हक्क कागदी किंवा आभासी असून चालत नाहीत, ते प्रत्यक्ष वापरता आले पाहिजेत. म्हणजे न्यायालयात जाण्याचा 'फुकटचा' हक्क खरा करायचा तर पैसा लागणार.

पाणकळा

व्याप्तीबद्दल मला एक भीतीही वाटते. प्रत्येक चांगल्या गोष्टीला हक्क म्हणायला लागलो तर शब्द झिजतो. २०२२ मध्ये आमसभेने स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क मान्य केला, १६१ विरुद्ध शून्य, आठ तटस्थ. मला आनंद झाला. पण तराजूंचा रकाना, कुणाविरुद्ध? धूर एका देशातून निघतो, समुद्र दुसऱ्याच्या दारात चढतो, आणि ज्याचं नुकसान होणार ते मूल अजून जन्मलेलं नाही.

ओंजळ

आठवड्याने परत आले. वर्गात शू यांचे तीन भाग आणि शब्दवेल यांचं हक्कसोडपत्र सांगितलं. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. डावीकडे एक नवा हक्क लिहायचा, उजवीकडे तो कुणाविरुद्ध. डावीकडे सगळ्यांनी भरभरून लिहिलं. न घाबरता प्रश्न विचारण्याचा, झोपेचा, आजीजवळ राहण्याचा. उजवा रकाना बहुतेकांचा कोरा.

जिच्यामुळे हा धागा निघाला त्या मुलीने लिहिलं होतं: 'लहानपणी केलेली चूक लोकांनी विसरण्याचा हक्क.' उजवीकडे: 'सगळे.' मी तिला म्हटलं, सगळ्यांना विसरायला कसं लावशील? ती म्हणाली, विचार करून सांगते. तराजू, मी तिला काय सांगू?

तराजू

तिला सांगा की तिचा डावा रकाना युरोपात एका मोठ्या न्यायालयापुढे जाऊन आला आहे. एका स्पॅनिश नागरिकाचं नाव गूगलवर शोधलं की त्याच्या जुन्या, फिटलेल्या कर्जाची वर्तमानपत्रातली सूचना वर यायची. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये निकाल दिला. वर्तमानपत्रातली ती सूचना तशीच राहिली. लोकांना विसरायला लावता येत नाही, हे न्यायालयालाही ठाऊक होतं. नावाने शोधल्यावर, सार्वजनिक हिताचं काही नसेल तर, जुना दुवा दाखवायचा नाही, एवढं कर्तव्य गूगलवर आलं.

ज्या ठिकाणी तिने 'सगळे' लिहिलं, तिथे न्यायालयाने एकच नाव लिहिलं. बरोबर केलं का, हे तिलाच विचारा. आणि ती काय म्हणाली ते इथे लिहा.